शाई नसलेली सही

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी उलव्याला एका प्लॉटच्या कोपऱ्यावर उभी होते. त्यांची सून म्हणाली, "ताई, भाऊ गेले. झोपेतच." माझ्या तोंडून निघालं, "अहो, पण कालच तर सही केली त्यांनी..." आदल्या संध्याकाळी आमच्या सानपाड्याच्या ऑफिसात त्यांनी धाकट्या भावाच्या, म्हणजे बाळाकाकांच्या, द्रोणागिरीतल्या प्लॉटच्या नकाशावर सही केली होती आणि "निघतो गं बाय" म्हणून गेले होते.

भाऊ सर्व्हेअर होते. खाडीकाठच्या गावातले. नव्या शहरासाठी घरची शेतं मोजायला माणसं आली, त्यांच्या मागे हिंडता हिंडता हा मुलगा स्वतःच मोजणी शिकला. मी साताऱ्याहून आलेली, त्यांच्या हाताखाली लागले आणि पुढे भागीदार झाले. त्यांचा नियम एकच होता, ज्या कोपऱ्यावर स्वतः उभे राहिले नाहीत त्या नकाशावर शिक्का नाही. शिक्का कायम शर्टाच्या खिशात. सगळ्या शर्टांना निळे डाग होते आणि वहिनींनी ते धुण्याचा नाद केव्हाच सोडला होता.

मग नकाशे ऑनलाइन द्यायचे दिवस आले आणि सहीसाठी डोंगल आलं. पेनड्राइव्हएवढी वस्तू, ती कॉम्प्युटरला लावायची, पिन टाकायचा की फाइलवर नाव, तारीख, वेळ उमटते. शिक्क्याशिवाय नकाशा भाऊंना उघडा वाटला. पहिल्याच फाइलवर त्यांनी रीतसर सही केली, मग तिची प्रिंट काढली, तिच्यावर निळा शिक्का मारला, तो कागद स्कॅन केला आणि वर पाठवला. अर्थातच परत आला. "भाऊ, हा आता नुसता फोटो झाला. खरी सही त्या फाइलमध्येच राहिली," मी म्हटलं. "शाई नाय, शिक्का नाय, नि म्हनं खरी सही!" ते चिडले. मग मी फाइलमधली एक रेघ जराशी सरकवून दाखवली. लगेच सूचना आली, सहीनंतर फाइल बदलली आहे. भाऊंनी खिशातला शिक्का काढून हातात धरला. "आमचा शिक्का असा कधी बोलला नाय गं," म्हणाले. त्या दिवसापासून डोंगल त्यांच्या खिशात, शिक्क्याच्या शेजारी गेलं.

आजूबाजूचे सर्व्हेअर डोंगल नि पिन सरळ कॉम्प्युटर ऑपरेटरच्या हवाली करतात. भाऊंनी ते कधी कोणाला दिलं नाही. पण पिन मात्र टाइप करताना मोठ्याने म्हणायचे! मी ओरडायचे, "भाऊ, हळू! कोणी ऐकेल." ते म्हणायचे, "तूच हायस. दुसरा कोन हाय इथं?"

तेरावं झाल्यावर बाळाकाका ऑफिसात आले. भाऊंच्या खिशातलं डोंगल, शिक्क्यासकट, सुनेने आधीच ऑफिसात आणून दिलं होतं. त्यांचा प्लॉट गोदामासाठी भाड्याने जायचा होता आणि ट्रक वळायला शेजाऱ्याच्या बाजूची हद्द थोडी बाहेर दाखवायला हवी होती. "डोंगल इथंच हाय ना? पिन तुला ठाव हाय. दादा असता तर घरच्यासाठी केलं असतं."

मला राग आला, आणि त्यांची दयाही आली. बरीच वर्षं रिकामी पडलेली जागा होती ती. मी वाद घातला नाही. फाइलची प्रत उघडून त्यांच्यासमोर रेघ सरकवली. सही मोडली.

"मग नवी कर."

"करता येते. पण तिच्यावर आजची तारीख येईल, काका. तेराव्यानंतरची."

काकांनी स्क्रीनवरच्या भावाच्या नावावर बोट ठेवलं. मग रुमालाने डोळे पुसले, थोडं हसलेही. "म्हंजे आता पन तो ऐकत नाय," म्हणाले आणि उठले. गोदामाचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही.

भाऊंच्या डोंगलवरची सही आता रीतसर रद्द केली आहे. डोंगल आणि शिक्का दोन्ही त्यांच्या टेबलाच्या खणात आहेत. परवा उलव्याचा तो नकाशा पुरा झाला. मी माझं डोंगल लावलं आणि पिन टाकताना एकदम थबकले. मी आकडे मोठ्याने म्हणत होते.

ऐकायला कोणी नव्हतं. मी उरलेले आकडेही मोठ्यानेच म्हटले आणि सही केली.