शिलाईबाईंचा एक निकाल

आमच्या आत्याला चुकलेला टाका बघवत नसे. स्वतःचा नाही आणि परक्याचाही नाही. एकदा कटंगीच्या बसमध्ये शेजारच्या बाईच्या मांडीवर एक लहान मुलगी होती. तिच्या फ्रॉकची दुमड तिरकी शिवलेली. आत्याने पिशवीतून कात्री काढली आणि ती दुमड चक्क उसवायला घेतली. बाईने आरडाओरडा केला, कंडक्टर आला, आणि मी ‘ही कोण, मी ओळखत नाही’ असा चेहरा करून खिडकीबाहेर बघत बसले. आत्या शांत. "चुकलं तर उसवा लागते. त्यात लाज काहून?" कटंगी येईपर्यंत दुमड सरळ झाली होती आणि तीच बाई आत्याला शेंगदाणे देत होती. हे कसं घडलं ते मला आजवर उमगलेलं नाही.

बालाघाटला मुलींच्या शाळेत तिने जन्मभर शिवणकाम शिकवलं, म्हणून गाव तिला शिलाईबाई म्हणे. तिने लग्न केलं नाही. का, असं विचारलं की दर वेळी वेगळं उत्तर. कधी म्हणे स्थळंच आली नाहीत, कधी म्हणे चार आली आणि त्यातला एक बराही होता. मी खोदून विचारलं की म्हणायची, "तुले कोणतं आवडते, ते धर." माझे आईवडील गेल्यावर त्या घरात आम्ही दोघीच उरलो. मी तहसिलीत नोकरीला, ती रिटायर झालेली. पण हुकूम तिचाच चाले.

उन्हाळा सरत आला, नवतपा म्हणजे ते नऊ कडक उन्हाचे दिवस लागले, की लाइट जायची आणि आत्याची पंख्यांची फॅक्टरी सुरू व्हायची. बांबूच्या कामट्या, जुन्या साड्यांचे तुकडे, कडेला चुण्यांची झालर. मला हलका पंखा मिळे, कारण तिच्या मते माझ्या मनगटात जीव नव्हता. मागच्या ओसरीवर तिची चिंध्यांची पेटी असायची. तीन वर्षांपूर्वी त्या पेटीत आमची मांजर व्यायली. तीन पिल्लं. आत्याने त्यांची नावं ठेवली टीप, काज आणि धावदोरा. टीप आणि धावदोरा काळी-पांढरी, काज बदामी रंगाचा. दिवसभर तिघं झालर ओढायची आणि आत्या त्यांना ओरडायची, पण मांडीवरून उठवायची नाही.

त्याच दिवसांत ओसरीच्या खांबावर चढलेल्या मधुमालतीत बुलबुलाने घरटं केलं. हात वर केला तर पोचेल, इतकं खाली. आत्याच्या जिवाला घोर लागला. खाली मांजराची पिल्लं, वर पाखराची. "दोघंही माह्याच घरचे," ती म्हणाली, "एकाचं पोट भराले दुसऱ्याले मरू देऊ काय?" तिने तीन पिल्लं आणि त्यांची आई, चौघांना घुंगरू लावून कापडी पट्टे शिवले. मांजर खांबाजवळ गेलं की घुंगरू वाजे, आणि आत्या असेल तिथून धावत येई. मी म्हटलं, तू किती दिवस अशी धावणार? तर म्हणे, पाखरं उडून जाईपर्यंत. बारा-तेरा दिवसांचा तर प्रश्न.

रोज सकाळी कुंपणाच्या मेंदीतून एक भारद्वाज यायचा. तांबूस पंख, लाल डोळे, चाल एकदम साहेबी. भारद्वाज दिसणं शुभ, म्हणून आत्या हातातलं काम टाकून त्याला नमस्कार करायची आणि मलाही करायला लावायची. मी ऑफिसच्या घाईत एक हात वर करून निघायचे. तेवढ्यावरही तिची कुरकुर असायची.

अंड्यांतून पिल्लं निघून तीनच दिवस झाले होते. मी ओसरीवर आले तर घरट्यात तीनऐवजी एकच पिल्लू. वर दोन्ही बुलबुल कालवा करत होते. आणि खांबाच्या बुडाशी काज बसलेला, तोंडात दोन करडी पिसं. मी ओरडले, "आत्या, काजनं खाल्लं." ती आली. काजकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू पाह्यलं?" मी म्हटलं, "हौ, पाह्यलं न. तोंडात पिसं हायेत, हे पाह्य." तिने आणखी काहीच विचारलं नाही.

निकाल दुपारीच लागला. तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीची वारासिवनीला राइस मिल होती. तिथे उंदीर खूप, मांजरांना कोणी नाही म्हणत नाही. काजला पोत्यात घातलं. घरी परत येऊ नये म्हणून पोतं अंगणात तीनदा फिरवलं, आणि मांजर नदी ओलांडून वास काढत येत नाही म्हणतात, म्हणून वैनगंगेचा पूल ओलांडेस्तोवर आत्याने पोतं मांडीवर घट्ट धरून ठेवलं. मिलमध्ये सोडताना तिने त्याचा पट्टा काढून घेतला. "घुंगरू वाजलं तर उंदीर कसे धरन?" घरी आली ती जेवली नाही. मला वाटलं उन्हाने असेल.

त्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी भारद्वाज आला. आत्याने हात जोडले. तो मेंदीतून सरळ मधुमालतीवर चढला, घरट्यात मान घातली आणि उरलेलं पिल्लू उचलून चालता झाला. आत्याचे हात तसेच जोडलेले. मी बाजूलाच होते. ती म्हणाली, "मी यालेच नमस्कार करून राह्यली होती." मग चप्पल घातली. मी म्हटलं, कुठे? तर म्हणे, "उसवाले."

मी सुट्टी टाकून तिच्याबरोबर गेले. मिलच्या मागच्या शेडमध्ये मांजरं होती खरी, पण सगळ्यांच्या अंगावर कोंडा. काळं, पांढरं, बदामी, सगळी एकाच मातकट रंगाची. "काज," आत्याने हाक मारली. तिच्या हातात दुधाची किटली होती, त्यामुळे पाचही मांजरं धावत आली, सगळी काजएवढीच. मुनीम हसला. "बाईजी, इनमें से कौन सी आपकी है?" आत्या एकेकाचं तोंड वर करून बघत राहिली. मी एकाकडे बोट दाखवलं, तिने दुसऱ्याकडे. मग मला तिचं बरोबर वाटायला लागलं आणि तिला माझं. शेवटी ती जमिनीवर बसली आणि पाचांनाही म्हणाली, "माह्यं चुकलं, बापा." मला हसू यायला हवं होतं. रडू आलं.

एक मांजर आम्ही घरी आणलं. अंघोळ घातल्यावर तेही बदामीच निघालं. पण पिल्लांची आई त्याच्यावर फिसकारली. चार दिवस बाहेर राहिलेल्या स्वतःच्या पिल्लावरही मांजर फिसकारते म्हणतात, तेव्हा त्यावरून तरी काय ठरवणार? आत्याने त्याला काज म्हटलं नाही. पाहुणा म्हटलं. आणि दर रविवारी दूध घेऊन ती वारासिवनीला जाऊ लागली, तिथल्या सगळ्यांसाठी. खरा काज तिथेच राहिला असेल तर, म्हणून. मी चिडायचे. भर उन्हात, थंडीत, मांजरांची माफी मागायला कोण जातं? ती म्हणायची, "तुले नाही समजणार. तू निकाल नाही देल्ला."

गेल्या हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळली. एका दुपारी मी तिला पेज भरवत होते. ती मध्येच म्हणाली, "पोरी, काजच्या तोंडात तू पिसं पाह्यले. त्या पिल्लायले तवा पिसं फुटले होते काय?"

 तीन दिवसांची पिल्लं. लाल, उघडी. मी रोज बघत होते की. ती पिसं मोठ्या बुलबुलाची. भारद्वाजाशी झटापट करताना गळलेली, आणि काजने खेळायला उचललेली.

"नाही," मी म्हटलं.

"मंग?"

"तुले केव्हापासून माहीत हाय?"

"तिथं मिलमधी बसली, तवाच ध्यानात आलं."

"मंग मले काहून नाही बोलली?"

"बोलून काय? निकाल माह्या होता." तिने पेज गिळली. "माह्यं मी फेडत आली. आता मले जाणं होत नाही."

ती महाशिवरात्रीच्या आधी गेली. माझं फेडायचं राहिलंय असं तिला सुचवायचं होतं, की तो अर्थ मीच काढला, मला सांगता येत नाही. पण रविवारी मी पाहुण्याला दूध ठेवते, किटली भरते आणि वारासिवनीची बस धरते. आता तिथे आठ-नऊ मांजरं झाली आहेत. बरीचशी त्या वेळी जन्मलीही नव्हती. मुनीम विचारतो, "मॅडम, मिली क्या आपकी बिल्ली?" मी नाही म्हणून मान हलवते. मग तो आत जाईपर्यंत थांबते, खाली बसते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते, मी नीट पाहिलं नव्हतं.