जप्तीतले मिठू

वनखात्यात नोकरी केली की किस्से आपोआप साचतात राजेहो. रजिस्टरात लिहिता येत नाहीत, म्हणून टपरीवर चहासोबत निघतात. वाघाचे किस्से सगळेच सांगतात. माझ्या वाट्याला पोपट आले! देशी पोपट विकणं गुन्हा, पाळणंही गुन्हा. अन् यवतमाळात गल्लोगल्ली मिठू. पकडायला मी, वनरक्षक. अन् पकडलेला जगेल का, हा घोरही मलाच.

*

एका दुकानावर धाड टाकली. माशांच्या टाक्यांमागे आंब्याच्या पेटीत सहा पिल्लं, पिवळीधम्मक! "विदेशी हायेत साहेब, यायले पाळाची परवानगी हाय," दुकानदार म्हणाला.

मी एकावरून ओला रुमाल फिरवला. रुमाल पिवळा, पिल्लू हिरवं!

"आपल्याकडचं ऊनच बेकार साहेब. रंग टिकत नाही."

सगळे हसले. मीही हसलो. दोन दिवसांत चार पिल्लं मेली.

*

वणीच्या बसस्टँडवर एक जण पोपटाकडून चिठ्ठी काढून भविष्य सांगायचा. त्याचा पिंजरा उचलला, तर आमच्या ड्रायव्हरनं, रामभाऊंनी, डिवचलंच. "काहून महाराज, आमी येनार हे पोपटानं सांगतलं नाही?"

"तो लोकायचं सांगते भाऊ. आमचं आमाले मालूमच असते."

मग त्यानं चिठ्ठ्यांची पेटीही आमच्या गाडीत ठेवली. म्हणे, "राहू द्या. बसून बसून कंटाळन तो."

*

जप्त पोपटांचे पंख बहुधा कापलेले असतात. वाढेपर्यंत मुक्काम ऑफिसमागच्या मोठ्या पिंजऱ्यात. एका पुढाऱ्याचा फोन आला, "तुमच्याकडं लय जमा झाले म्हनते. नातीचा वाढदिवस हाय, एक पाठवा न!"

"दादा, गुन्हा आहे तो."

"म्हनून तर तुमच्याकडून मागून राह्यलो!"

*

अन् कमलताई. रिटायर्ड नर्स, एकट्याच राहायच्या. पेपरात कायदा वाचला अन् स्वतःच अकरा वर्षांच्या मिठूला ऑटोत घेऊन ऑफिसात हजर! "कायदा हाय तर हाय. माह्याकडं आजलोक कोनी बोट दाखवलं नाही."

फार वाईट वाटलं. तक्रार नव्हती, मी तिकडे गेलोही नसतो. पण नोंद झाली की पक्षी परत देता येत नाही.

मिठू आमच्या हातून काही खाईना. मग महिनाभर त्या रोज आल्या, भिजवलेली डाळ चारून गेल्या. पंख वाढले, सोडायचा आदेश आला. म्हटलं, ताई, तुम्हीही चला.

जंगलाच्या कडेला पिंजरा उघडला. मिठू उडाला अन् थेट त्यांच्या खांद्यावर! त्यांनी फांदीवर ठेवला. परत खांद्यावर. असं तीनदा झालं.

रामभाऊ म्हणाले, "घेऊन जा ताई. आमी काही पाह्यलं नाही." मीही तोंड फिरवलं.

कमलताईंनी त्याला फांदीवर ठेवलं, मागे सरल्या, वाकून गोटा उचलला अन् मारला.

मिठू सागांवरून गेला तो गेलाच.

येताना त्यांना गाडीनंच सोडलं. घराशी उतरल्या, फाटकाला हात लावला अन् वळून म्हणाल्या, "भाऊ, त्याले लागला त नसन न गोटा?"