संतोषचा फोन माझ्या घरी

पार्सल घेऊन येणारा संतोष दारातच घुटमळला. "काका, माझा फोन थोडा वेळ तुमच्याकडे ठेवता का?"

"का रे, बायकोपासून लपतोयस?"

"कंपनीपासून. आम्ही युनियन काढतोय. कंपनीच्या ॲपवर सगळ्यांचे फोन एका जागी दिसले की आयडी बंद, म्हणजे कामच बंद. फोन बंद ठेवला तरी विचारतात. म्हणून ज्याने त्याने वेगवेगळ्या गिऱ्हाइकांकडे ठेवलेत."

तो मीटिंगला गेला. कटात सामील झाल्याच्या ऐटीत मी फोन चहाच्या कपाशेजारी ठेवला. तेवढ्यात तो वाजला. पडद्यावर 'सुपरवायझर'. नाटकात खलनायक आला की मी खुर्चीत सावरून बसतो, मोठ्या आनंदाने. इथे मात्र स्वतःच्याच घरात मी श्वास रोखून बसलो. चार माणसांनी एकत्र बसून बोलायचं, त्यासाठी केवढी ही धास्ती, आणि हा माणूस ती रोज खिशात घेऊन जिने चढतो.

संतोष परतला.

"तुझ्या साहेबांचा फोन येऊन गेला," मी कुजबुजलो. त्याचा चेहरा उतरला.

"झाली का युनियन?"

"अध्यक्ष व्हायला कुणी तयार होईना."

"मग?"

"मी झालो," तो म्हणाला, आणि फोन खिशात घालून जिना उतरू लागला.