कुसुमच्या हातातला उजेड

डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी पनवेलच्या त्या दवाखान्यात बाकावर बसून चहा पीत होतो. त्यांनी काही बोलायच्या आधी माझ्या हातातला कप काढून बाजूला ठेवला, तेव्हाच मला कळलं. आमची मुलगी मनीषा रसायनीहून निघाली होती, वाटेतच होती. तिला फोनवर काय सांगायचं, कसं सांगायचं, हे जुळवतोय तोवर पुतण्याचा, संतोषचा फोन आला. रडत होता पोरगा, खोटं नाही. काकीच्या हातचं खाऊनच मोठा झालेला. पण रडता रडताच म्हणाला, "काका, काकीचा एक चांगला फोटो पाठवा ना. फ्लेक्सवाला दुकान बंद करल. सकाळी नाक्यावर बोर्ड लागायला पायजे." आमच्याकडं आता असंच आहे. माणूस आधी फ्लेक्सवर चढतं, मग वर जातं.

मी म्हणालो, पाठवतो. आणि मग तसाच बसून राहिलो… कारण फोटो नव्हताच. उभा जन्म मी लग्नाचे फोटो काढले. लोधिवली, चौक, खालापूर, कर्जत, या भागात एखादंच जुनं घर असेल जिथं माझा आल्बम कपाटात नाही. आणि माझ्या स्वतःच्या बायकोचा, कुसुमचा, एकटीचा, समोरून काढलेला एक फोटो माझ्याकडं नव्हता. शेवटी संतोषनं आधार कार्डावरचा फोटो मोठा केला. त्यात ती पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसते. नाक्यावर तोच लागला. मी त्या रस्त्यानं जायचंच सोडलं. दूध आणायला मागच्या बांधावरनं जायचो. ती तशी नव्हतीच, तर त्या बोर्डाकडं बघायचं कशाला?

दिवसकार्य झाल्यावर मनीषानं घरातले सगळे आल्बम काढले. घरातली कार्यं, मुंजी, बारशी, तिचं स्वतःचं लग्न. कुठं कुसुमचं कोपर दिसायचं, कुठं पदराचं टोक, कुठं भिंतीवर नुसती सावली. मनीषाच्या लग्नात कन्यादानाला आम्ही दोघं जोडीनं बसलो तेवढा एक फोटो, तर त्यातही ही मान वळवून माझ्या मित्राला सांगतेय, फ्लॅश जरा वर धर म्हणून. मनीषा वैतागली. "बाबा, आई कुठंच कशी नाय हो?" मी म्हणालो, "सगळ्यात तीच हाय. तो उजेड दिसतोय ना नवरीच्या गालावर, ती तुझी आई." मनीषाला ते पटलं नाही. तिला तोंड पाहिजे होतं. मलाही तेच पाहिजे होतं.

कॅमेऱ्यावरच फ्लॅश लावला तर माणसं पापडासारखी चपटी दिसतात. उजेड बाजूनं आला तर नाक नाकासारखं दिसतं, दागिना दागिन्यासारखा. म्हणून दुसरा फ्लॅश हातात घेऊन बाजूला एक माणूस लागतं. लग्नानंतर पहिल्याच सीझनला माझा माणूस पळाला आणि मी कुसुमला म्हणालो, आजच्या दिवस धर. तिनं तो फ्लॅश आरतीचं ताट धरावं तसा दोन्ही हातांत धरला… आणि मग सोडलाच नाही. तेव्हा रोलचा जमाना होता. मी कधी कॅमेरा तिच्याकडं वळवला की ती पटकन पाठ करायची. "पार्टीचा रोल हाय. त्यात माझं थोबाड कशाला?" पुढं डिजिटल आलं, रोल गेला, पण तिची पाठ करायची सवय गेली नाही.

सुरुवातीला कॅमेरा आणि तिचा फ्लॅश यांच्यामध्ये वायर होती. मी पुढं, ती मागं, आणि मध्ये ती काळी वायर. गाय आणि गुराखी म्हणायचे लोक. गाय कोण ते मी विचारलं नाही. मांडवात कुणी वायरीवर पाय दिला की माझी मान हिसकायची. मग वायर नसलेला स्लेव्ह आला, म्हणजे फ्लॅशला एक डोळा असतो, दुसऱ्या फ्लॅशचा उजेड दिसला की तो आपणहून उडतो. झकास वाटलं होतं. पण एका लग्नात अंतरपाट खाली आला, पाहुण्यांनी आपापले कॅमेरे मारले, आणि त्यांचे उजेड बघून आमचा डोळा त्यांच्याबरोबरच उडून मोकळा झाला. मी बटण दाबलं तेव्हा त्यात दम उरला नव्हता. नवरीचं अर्धं तोंड काळं. कुसुम घरी येईस्तोवर धुसफुसत होती. "हा डोळा कुणालाबी भुलतोय. आपल्याच माणसाचं ऐकल असं काय मिळत नाय का?"

मिळत होतं. रेडिओ ट्रिगर म्हणायचे. एक डबी कॅमेऱ्यावर, दुसरी फ्लॅशच्या खाली. उजेड बघायची गरज नाही, मध्ये माणसं आली, भिंत आली तरी आतल्या आत निरोप जातो. कल्याणला आमचे ओळखीचे शेठ होते, त्यांच्याकडं आम्ही दोघं गेलो. त्यांनी तीन जातीचे सेट काचेवर मांडले आणि मला समजावलं, "आता हे घ्या आणि एक स्टँड घ्या. फ्लॅश स्टँडवर लावा. माणूस धरायची कटकटच गेली." कुसुम माझ्या शेजारीच उभी होती. तिनं सेटची एक डबी उचलून उलटी केली, पालटी केली, ठेवून दिली. शेठ भला माणूस, म्हणाले, तिन्ही घेऊन जा, वापरून बघा, नको ते परत आणा. स्टँडही काढून दाखवला. मी म्हणालो, स्टँडचं नंतर बघू.

परत येताना ती खिडकीतनं बाहेरच बघत होती. बदलापूर गेलं, वांगणी गेली, बाई गप्प. माझी बायको गप्प बसली की मला ताप आल्यासारखं होतं. नेरळ आल्यावर म्हणाली, "स्टँडला कळतंय का, नवरीची मावशी कधी रडणार?"

मी म्हणालो, "स्टँड चहा तरी मागत नाय."

"मग त्यालाच डबा देत जा उद्यापास्नं."

तिचं खरं होतं. हळदीला बायकांच्या घोळक्यात मला कोण शिरू देणार? ती शिरायची. पाठवणीच्या वेळी कुणाचा बांध आधी फुटणार हे तिला आधीच कळायचं. ती फ्लॅश घेऊन तिकडं सरकली की मी कॅमेरा तिकडं वळवायचो, आणि मावशी रडायचीच. मी फोटो काढायचो असं लोक म्हणतात. मी नुसता ती जिकडं जाईल तिकडं बघायचो. कर्जतला उतरताना मी एवढंच म्हणालो, "स्टँड घ्यायचा नाय. पण ट्रिगर तू निवडायचा. तुलाच धरायचाय." ती पुढं चालायला लागली, पण पिशवी माझ्या हातातनं काढून घेऊन. त्यावरनं मला कळलं, राग गेला.

तिचं माहेर पळसदरीचं. पुढच्याच आठवड्यात तिथं गेलो होतो तेव्हा दुपारी आम्ही ते तिन्ही सेट घेऊन धरणावर गेलो. लांब सरळ जागा तीच. ढगाळ होतं. मी एका जागी उभा, ती माझ्याकडं तोंड करून उलट्या पावलानं मागं मागं जायची, फ्लॅश तोंडापुढं धरून. मी कॅमेऱ्याचं बटण दाबायचो. फ्लॅश चमकला की ती ओरडायची, "आला!" पुन्हा मागं. "आला!" शनिवार-रविवारची मुंबईची मंडळी पाण्यात पाय सोडून बसली होती. त्यातल्या एका बाईला राहवलं नाही. "काय करताय हो मावशी?"

कुसुम तिथनंच म्हणाली, "नवऱ्याला रेंज येतीय का बघतेय!"

सगळे हसले. मी पण हसलो आणि कॅमेरा हलला. पहिला सेट सगळ्यात स्वस्त होता. तो जवळच्या झाडाच्या पुढं गेलाच नाही. "नाय आला! अवो, नाय आला!" मी दोन-चारदा दाबलं, सेल काढून पुसले, पुन्हा दाबलं. नाहीच. दुसरा लांब गेला, पार ती चिमणीएवढी दिसायला लागली तरी "आला" ऐकू येत होतं. मी म्हणालो, हाच घेऊ. तिनं त्याचं झाकण उघडून दाखवलं. आत कसला तरी ठेंगणा सेल होता. "भर मांडवात हा संपला तर कुठं शोधायचा? चौकात वाण्याकडं हा मिळल?" तिसरा दोघांच्या मधल्या अंतरापर्यंत जायचा. पण त्याला साधे पेन्सिल सेल, बटण अंगठ्याखाली येणारं, आणि फ्लॅशच्या पायाला आवळायची चकती, म्हणजे घोळक्यात कुणाचा धक्का लागला तरी निसटणार नाही. "मांडव काय धरणाएवढा असतोय?" म्हणाली. तिसरा घेतला.

त्या सेटनं आम्हाला साथ दिली. मांडवात ती लांब असली की मी नुसतं बटण दाबायचो, हातातला फ्लॅश उडाला की ती यायची. एकदाच गंमत झाली. कर्जतला दोन हॉल शेजारी शेजारी, दोन्हीकडं लग्न. मी पंगतीत बसलेलो आणि ही धावत आली. "अवो, सारखं सारखं काय बोलावताय मला? येते म्हणलं ना!" मी हातातला जिलबीचा तुकडा दाखवला. कॅमेरा तर खुर्चीवर. मग उलगडलं, शेजारच्या हॉलातल्या फोटोग्राफरचा ट्रिगर आणि आमचा एकाच चॅनेलवर होता. तो तिकडं बटण दाबायचा आणि इकडं हिचा फ्लॅश उडायचा. तिनं त्याच दिवशी चॅनेल बदलला, आणि डबीवरच्या त्या बारक्या खटक्यापाशी मनीषाच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. म्हणाली, "आता दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाय."

परवा संतोष म्हणाला, काका, आता काम तर तुम्ही करत नाही, सामान पडून खराब होईल, कर्जतच्या एका पोरानं मागितलंय, देऊन टाकू. मी पेटी काढली. ती डबी हातात आली, लाल ठिपका तसाच. आणि ठिपक्यावर अंगठा फिरवता फिरवता एकदम डोक्यात आलं… पळसदरीला मी काय करत होतो? ट्रिगर कॅमेऱ्यावर होता. प्रत्येक वेळी बटण दाबलं, म्हणजे प्रत्येक वेळी फोटो निघाला होता!

मनीषाला बोलावून घेतलं. जुन्या कॉम्प्युटरमध्ये मी 'फालतू' नावाचा एक कप्पा केलेला. हललेले, डोळे मिटलेले, चुकून निघालेले फोटो त्यात टाकायचो. पुसायचे राहून जायचे. त्यात खाली खाली जात पळसदरी सापडली. धरण, ढग, आणि मध्ये कुसुमची लुगड्यातली उभी आकृती… पण तोंडाच्या जागी पांढरा गोळा. पुढचा फोटो, पांढरा गोळा. त्याच्या पुढचाही. फ्लॅश आला होता ना, म्हणून. दर वेळी बरोबर आला होता, आणि दर वेळी त्यानं तिचं तोंड झाकून टाकलं होतं. मनीषानं माझ्याकडं बघितलं नाही, नुसती पुढं पुढं जात राहिली. तिसऱ्या सेटचे झाले, दुसऱ्याचे झाले. शेवटी सगळ्यात आधी काढलेले, त्या स्वस्तातल्या, आम्ही परत केलेल्या सेटचे आले.

फ्लॅश आला नव्हता. तिनं तो तोंडापुढनं खाली घेतलाय, झाडाच्या बाजूला उभी आहे, वाऱ्यानं केस कपाळावर आलेत, भुवया वर, तोंड उघडं. सरळ माझ्याकडं बघतेय. ओरडतेय. मनीषा टेबलावर डोकं ठेवून रडली. मी नाही रडलो. मी बघत होतो.

तो फोटो मोठा करून लावलाय. संतोष म्हणाला, काका, यात काकीचं तोंड उघडं आहे, जरा बंद करून घेता येईल कॉम्प्युटरवर. मी त्याला घराबाहेर काढला. सामान दिलं त्या पोराला, कॅमेरे, भिंगं, सगळं. एक जुना कॅमेरा, तो फ्लॅश आणि लाल ठिपक्याची जोडी तेवढी ठेवली. फ्लॅश फोटोखालच्या फळीवर असतो. चौकातल्या वाण्याकडनं पेन्सिल सेल आणून घातलेत. येणारी माणसं विचारतात, काय बोलतायत वहिनी? मी सांगतो, नाय आला म्हणतेय.

सकाळी दूध घेऊन येतो. आता नाक्यावरनंच येतो, तो बोर्ड कधीच फाटून गेला. अंगणात आलो की ओटीवरच्या खुर्चीवरचा, ट्रिगर लावलेला कॅमेरा उचलतो आणि दारातनं बटण दाबतो. आत फळीवर लख्ख होतं. ती तशीच भुवया वर करून ओरडत असते. मी दूध खाली ठेवतो आणि म्हणतो, "आला गं… आला."