काकूंचा नंबर

"कोणाक सांगू नकात, असा लिवला हा," असं काकू फोनमध्ये बघून आधी गंभीरपणे वाचून दाखवायच्या आणि त्याच दमात, गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला पोचेल अशा आवाजात सांगायच्या, "घे, लिवन घे. चार, शून्य, नऊ…"

लालबागच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर काकूंची खोली अगदी टोकाला, रस्त्याच्या बाजूला. तिथे मोबाईलला रेंज यायची. बाकीच्यांना फोन घेऊन खिडकीच्या गजांना नाक लावावं लागायचं. नवरा गिरणी बंद पडल्यावर काही वर्षांनी गेला, मुलगा विरारला. सत्तरी ओलांडलेल्या काकू दिवसभर दाराशी भाजी निवडत बसलेल्या असत आणि शेजारी फोन. त्यामुळे मजल्यावरच्या म्हाताऱ्यांचा कुठलाही फॉर्म भरताना मोबाईल नंबरची जागा आली की उत्तर ठरलेलं: "काकूंचा टाक." गॅस, पेन्शन, वीजबिल, बँक, सगळं तिकडेच. पुढे तरुणांनाही ते सोयीचं वाटायला लागलं. जाहिरातींचे फोन आपल्याला नकोत, काकूंना येऊ देत, हा त्यामागचा उदात्त विचार. कर्ज घ्या म्हणणाऱ्या प्रत्येक मुलीला काकू आधी विचारायच्या, "जेवलंस गो?"

एकदा बँकेतल्या साहेबांनी आमच्या मजल्यावरच्या नाईक आजोबांना झापलं. "इतक्या खात्यांना एकच नंबर? हे सुरक्षित आहे का?"

आजोबा चक्रावले. "म्हणजे काय साहेब? आम्ही एकाच मजल्यावर राहतो!"

हसू नका. मी परळला ज्या ऑफिसात आहे तिथे पासवर्ड कसा जपावा याचं दरवर्षी शिक्षण देतात, वर परीक्षाही घेतात. मी चांगल्या मार्कांनी पास होते. माझ्या आईचं पेन्शन मात्र काकूंच्या नंबरावर होतं.

त्या फोनला कुलूपही नव्हतं. काकू मोरीत असल्या तर ज्याला ओटीपी हवा तो सरळ फोन उचलून बघायचा. बघता बघता इतरांचे दोन-चार मेसेजही नजरेखालून जायचे. आमच्याकडे त्याला चोरी म्हणत नाहीत, शेजार म्हणतात.

अर्थात सगळं ठाऊक असायचं ते काकूंनाच. कोण डोंबिवलीत जागा बघतोय, कोण केस उगवायचं औषध मागवतोय, कोणी उतारवयात लग्नासाठी नाव नोंदवलंय. संडासाच्या रांगेत बायका खडा टाकून बघायच्या. काकूंचं उत्तर एकच, "माका इंग्रजी येणा नाय." ओटीपीचे आकडे तेवढे यायचे.

माझ्या शेजारच्या खोलीत दिगंबर राहायचा. बायको लवकर गेली, मुलीला, मेघाला, त्याने एकट्याने वाढवलं. ती नर्स झाली तरी काळजीपोटी तो तिचा फोन रोज तपासायचा, म्हणून तिने कुठेतरी काकूंचा नंबर दिला. एके दिवशी काकूंनी मेघाला जवळ बोलावलं आणि आकडे तिच्या कानात सांगितले. झालं! काकू ओरडल्या असत्या तर कोणी मानही वळवली नसती. त्या कुजबुजल्या, आणि अख्खी गॅलरी बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिगंबर काकूंच्या दारात.

"काकू, फोन द्या जरा. मेघाचं काय येतं त्यावर, बघायचंय."

काकूंनी फोन उचलून मांडीखाली ठेवला. "तां तिचा हा, दिगू. तिकाच इचार."

"ती सांगत नाही म्हणून तर तुमच्याकडे आलो. बाप आहे मी तिचा!"

"तुका सांगूक तिका भय वाटता. माका सांगूक नाय वाटणा. आता मीच बोललंय, तर तिना जावचा खंय?"

दिगंबर लालबुंद होऊन निघून गेला. काकूंनी मला हाक मारली. "ह्या फोनाक कुलूप घालून दी." मी घालून दिलं. आकडे निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

मग मजल्यावर हाहाकार उडाला. काकू दुपारी आडव्या झाल्या की सगळ्यांचा कारभार आडवा. नाईक आजोबांचा गॅस अडकला. शेवटी त्यांच्याच नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ दारात उभं राहिलं.

"कुलपाचा नंबर तेवढा सांगा, काकू. सगळी आपलीच माणसं."

"कोणाक सांगू नकात, असा लिवला हा," काकू म्हणाल्या. या वेळी पुढे आकडे आले नाहीत.

बरेच दिवस गेले. मग एका संध्याकाळी, आमच्यामधल्या पातळ भिंतीतून मला दिगंबरचा आवाज आला, "दिल्लीला थंडी फार पडते ना गं?" मेघाने दिल्लीच्या इस्पितळात अर्ज केला होता, आणि शेवटी त्याने तिलाच विचारलं होतं. ती रडत रडत बोलत राहिली, तो ऐकत राहिला. तिला सोडायला तो थेट दिल्लीपर्यंत गेला.

गेल्या वर्षी काकू झोपेतच गेल्या.

मजल्यावर सगळे मनापासून रडले आणि मग एकेकाच्या लक्षात यायला लागलं. नाईक आजोबांनी काकूंच्या मुलाला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाले, "फोन बंद नको करूस हं, बाळा." नंबर बदलायचा तर बँकवाले म्हणत, आधी जुन्या नंबरावर ओटीपी येईल.

कुलपाचे आकडे काकू कोणालाच न सांगता गेल्या, त्यामुळे दिवस झाल्यावर तो बिचारा त्यांचं सिमकार्ड आपल्या फोनात घालून, रजा काढून आईच्या दारात बसला. मेसेज आला की कोणाचा ते विचारायचा, आकडे सांगायचा, पुढचा. आईसारखा आवाज त्याला नव्हता, म्हणून आम्ही सगळे भोवती कोंडाळं करून उभे होतो.

एक मेसेज आला. "हा कोणाचा?" म्हणून त्याने पाठवणाऱ्याचं नाव वाचायला तोंड उघडलं, आणि मिटलं. पुन्हा एकदा स्क्रीनकडे पाहिलं.

"चुकून आलेला दिसतोय," तो म्हणाला, आणि फोन मांडीवर पालथा ठेवला.

आमच्या गॅलरीत त्या दिवशी पहिल्यांदाच कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही.