साडेतीन पातळीचे काका

उस्मानपुऱ्यात आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांच्या हातून मोजमाप न होता सुटलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. विद्यापीठाच्या पात्रता विभागात त्यांनी उभी हयात काढली. परराज्यातली पदवी आपल्या कुठल्या पदवीच्या तोडीची, कुणाची बारावी खरी बारावी, हे ठरवून शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीबरोबर शिक्का गेला, हाताची सवय राहिली. त्यातच सगळ्या शिक्षणाला एकाच मापानं मोजणारी क्रेडिटची नवी पद्धत देशभर आली आणि काकांना नव्यानं पालवी फुटली. पाचवी म्हणजे पहिली पातळी, बारावी चौथी, पदवी साडेपाच, पीएचडी आठ. आणि कुठलीही विद्या तीस तास केली की एक क्रेडिट. हा तक्ता त्यांच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे.

तक्त्याच्या तावडीतून कुणी सुटत नाही. माझ्या स्कूटी चालवण्याला दुसरी पातळी मिळाली, तीही शेजारधर्म म्हणून. "अनुभवाचं बी क्रेडिट धरावं लागतंय, नियमच हाय तसा," असं म्हणत एका लग्नात ते थेट भटारखान्यात शिरले आणि मटणाचा नानखलिया रांधणाऱ्या आचाऱ्याला विचारू लागले, हे शिकायला तास किती लागले? तो कढईतून मान वर न काढता म्हणाला, "चाचा, अब्बा ने मार मार के सिखाया. घंटे कौन गिनता?" काकांनी खिशातल्या डायरीत नोंद केली : तास अनिश्चित, शिक्षक कडक, पातळी सहा. मग दोनदा रस्सा मागून घेतला आणि पातळी साडेसहा केली.

गंमत म्हणजे काका स्वतः जुनी अकरावी पास. दहावी-बारावी सुरू होण्याआधीची ती मॅट्रिक. दहावीच्या वर, बारावीच्या खाली. तक्त्यात बसवली तर साडेतीन. काकू मात्र बीए झालेल्या, निवृत्त शिक्षिका. "घरात मी साडेपाच अन् हे साडेतीन," असं त्या पाहुण्यांदेखत म्हणत, काका हसत. पण ते हसणं मला कधी खरं वाटलं नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या पदव्यांवर शिक्के मारले आणि स्वतःची एक नाही, हे त्यांना आतून सलत होतं. शेवटी यंदा त्यांनी बीएला नाव घालायचं ठरवलं.

माझ्या दुसऱ्या पातळीच्या स्कूटीवर जीव मुठीत धरून ते विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रात आले. खिडकीतल्या मुलीनं गुणपत्रिका उलटसुलट पाहिली. "काका, ही अकरावी बारावीच्या बरोबरीची नाय धरता येत. जुन्या परिपत्रकात तसंच हाय." काकांनी परिपत्रक मागून घेतलं, चष्मा चढवला आणि त्यांचा चेहरा उजळला. "बघा ताई, भाषा किती पक्की हाय! एक फट ठेवली नाय. मसुदा माझाच हाय हा." स्वतःचाच प्रवेश अडल्यावर इतका खूश झालेला माणूस त्या खिडकीनं पाहिला नसेल. मुलीला मात्र वाईट वाटलं. तिनं पूर्वपरीक्षेचा अर्ज पुढे केला. ही पास झालात की बीएला प्रवेश मिळतो, म्हणाली.

स्कूटीपाशी आल्यावर काकांनी हातातला अर्ज उलटून पाहिला. मग म्हणाले, "तीसेक वर्षांमागं दौलताबादची एक पोरगी माझ्या टेबलाशी आली होती बगा. तिचा कागद बी असाच मधला. मी तिला हाच नियम वाचून दाखवला, लई खणखणीत आवाजात. ती गेली ती परत आली नाय."

"पूर्वपरीक्षेचं सांगितलं नाहीत तिला?"

"तिनं विचारलं नाय. अन् मी सांगितलं नाय."

एवढं बोलून ते पुन्हा आत गेले आणि आणखी एक कोरा अर्ज घेऊन आले. पहिला खराब होईल म्हणून घेतला असेल, असं मी समजले.

हल्ली काका रोज सकाळी गॅलरीत अभ्यासाला बसतात आणि काकू घड्याळ लावून तास मोजतात. काकांचा अर्ज परवा भरून गेला. दुसरा अजून कोराच, प्लास्टिकच्या पिशवीत घालून फायलीत जपून ठेवलेला. तो कुणासाठी, हे कळल्यावर मला राहवलं नाही. "काका, ती आता पन्नाशीला आली असेल हो."

"मग काय झालं?" पुस्तकातून मान वर न काढता काका म्हणाले. "मी सत्तरीचा हाय की."