मनगट माझं, खाट त्याची

पायाच्या अंगठ्याला बांधलेली सुतळी न सोडता मी उठलो आणि चालू लागलो.

सुतळीचं दुसरं टोक एका म्हाताऱ्याच्या खाटेला होतं. इचोड्यातल्या एका कापूस व्यापाऱ्याच्या बापाचं लकव्यानं अर्धं अंग गेलेलं, आणि रात्री त्याच्यापाशी निजायचं हे माझं काम. निजायचं म्हणजे खाटेशेजारी तरटावर आडवं व्हायचं. म्हाताऱ्यानं चांगल्या हातानं सुतळी ओढली की उठून पाणी द्यायचं, भांडं द्यायचं, कूस पालटायची. पहिल्या ओढीला मला जाग येत नसे, हे वेगळं. झोपायची नोकरी असलेला अख्ख्या इचोड्यात मी एकटाच, असं ढाब्यावर छाती फुगवून सांगतही असे. त्या पहाटे मात्र सुतळीनं मला उंबऱ्यावर असं आपटलं की उजवं मनगटच मोडलं.

शेठ वाईट नव्हता. हाडवैद्याकडं त्यानंच नेलं, मनगटाला बांबूच्या खपच्या बांधून होईस्तोवर बाहेर थांबला. मग म्हणाला, "घरी आराम कर. हात बसला का ये."

"अन् तोवर बाबापाशी कोण?"

"पाहू ना आमी."

काय पाहिलं ते कळायला वेळ लागला नाही. म्हाताऱ्याची खुशाली विचारायच्या निमित्तानं गेलो, तर खोलीत उटनूरकडचा एक तरणा गडी. तरटावर नव्हे, निवारीच्या खाटेवर! वर मच्छरदाणी. सुतळी गायब, म्हाताऱ्याच्या उशाशी बटण, बटण दाबलं की घंटी.

"हे काऊन केलं, शेठ?"

"तू पडला ना बे, म्हनून. पुन्ना कोनी पडू नये."

हाड मोडायचं माझं, शहाणपण यायचं शेठला आणि सुख दुसऱ्याच्या वाट्याला. तो गडी निदान उर्मट असता तरी बरं झालं असतं. उठून जागा देत म्हणाला, "दादा, तुमच्या किरपेनं खाट भेटली. बसा नं."

बसलो. खाट छान होती. त्यानं जास्तच जळलो.

मग रोज जाऊ लागलो, खुसपटं काढायला. चादरीला सुरकुती, तांब्यावर झाकण नाही, काहीतरी सापडायचंच. पण एके सकाळी तो म्हाताऱ्याची दाढी करताना दिसला. म्हातारा डोळे मिटून मान वर करून निवांत पडलेला. माझ्या हाती त्यानं कधी कातरसुद्धा दिली नव्हती. घरी आलो आणि खपच्या सोडून टाकल्या. हाडवैद्यानं अजून सोडू नको म्हणून बजावलं होतं. पण ती जागा गेली तर मी काय, पुन्हा ढाब्यावर ताटं विसळणार?

दुसऱ्या दिवशी शेठसमोर म्हाताऱ्याची कूस पालटून दाखवली. मनगटात अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. "बाबाले पाह्यलं न् भरून आलं," असं म्हणून ते पुसलं.

"शेठ, आता मले घ्या माघारी."

नको म्हणायची पाळी आली की शेठ ती दुसऱ्यावर ढकलायचा. बापाच्या कानाशी वाकून म्हणाला, "बाबा, जुना पोरगा आला. कोनाले ठेवू?"

म्हाताऱ्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, ओठ जुळवले आणि बोबड्या, पण सगळ्यांना समजेल अशा आवाजात म्हणाला, "हा पाशी असला का मलेच जागं राहा लागे."